एका नगाचा प्रश्न

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)

कोकणातील एखादी जुनी भातगिरणी डोळ्यांसमोर आणावी. सुगी नुकतीच संपली आहे, भाताची पोती पडवीत रचली आहेत, आणि ऐन हंगामात गिरणीचे एक दातेरी चाक तडकते. ते यंत्र बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला असतो. तालुक्याच्या गावचा दुकानदार चाकाचे तुकडे उलटसुलट करून पाहतो आणि म्हणतो, "हा नग आता मिळत नाही. नवीन गिरणीच घ्या." तळहाताएवढ्या चाकावाचून सारे यंत्र उभे राहते. गिरणीवाल्याचा हंगाम बुडतो आणि आसपासच्या वाड्यांतील बायाबापड्यांना डोक्यावर पोती घेऊन दहा मैलांवरची दुसरी गिरणी गाठावी लागते.

या साध्या प्रसंगात अर्थशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. चाक घडवण्यासाठी लागणारे पोलाद देशात आहे, ते कापणारी यंत्रे आहेत आणि ती चालवणारे कुशल हातही आहेत. त्या चाकाची गरज तर उघडच आहे. साहित्य, साधन, कौशल्य आणि गरज या चारही गोष्टी हजर असताना वस्तू मात्र घडत नाही. असे का व्हावे? समाजवादी कार्यकर्त्याने या प्रश्नाचा पाठपुरावा केला, तर तो उत्पादनव्यवस्थेच्या थेट गाभ्यापाशी जाऊन पोहोचतो.

नग घडतो कसा?

प्रथम असा एकच नग घडतो कसा, हे पाहणे आवश्यक आहे. श्रमाविषयी बोलणाऱ्याला श्रमाची प्रत्यक्ष रीत ठाऊक असली पाहिजे.

तडकलेले चाक एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या हाती पडले, तर तो आधी दाते मोजतो. समजा, दाते 30 भरले. मग तो तुकडे जुळवून बाहेरचा व्यास घेतो. तो 101.6 मिलिमीटर भरतो. आजच्या पद्धतीचे मोड्यूल काढायचे, तर व्यासाला दात्यांच्या संख्येत 2 मिळवून भागायचे. म्हणजे 101.6 भागिले 32, बरोबर 3.175. बाजारात अशा मोड्यूलचे कटर प्रचलित नाही. पुस्तकी माणूस इथे 3 धरून मोकळा होईल, आणि त्याचे चाक जोडीच्या चाकात कधीच नीट बसणार नाही. मिस्त्री मात्र जाणतो की यंत्र जुने आहे आणि त्याचे माप इंचाचे आहे. 101.6 मिलिमीटर म्हणजे नेमके 4 इंच, आणि 32 भागिले 4 म्हणजे 8. हे चाक आठ डीपीचे आहे. त्या मापाचे कटर मिळवले, तर काम होईल.

मग तो मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड बसवतो. त्याच्या हँडलचे 40 फेरे झाले की जॉबचा एक फेरा पूर्ण होतो. 30 दाते पाडायचे, तर प्रत्येक दात्याला एक पूर्ण फेरा आणि वर एक तृतीयांश. म्हणजे अठरा भोकांच्या वर्तुळावर आणखी सहा भोके पुढे जायचे. एका दात्याच्या वेळी हात चुकून सातव्या भोकावर गेला, की सारे चाक भंगारात. तीस वेळा ही एकाग्रता टिकवावी लागते. चाकाच्या मधल्या एक इंची भोकाला धुऱ्यावर अचूक बसण्यासाठी 21 मायक्रॉनांची सवलत असते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे 70 मायक्रॉन धरली, तर ही सवलत केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी आहे.

चाक ओतीव असेल, तर कामाची साखळी आणखी लांबते. पॅटर्नमेकर लाकडाचा साचा करतो. ओतलेले बीड थंड होताना सुमारे शेकडा एकने आकसते, म्हणून साचा तितकाच मोठा करावा लागतो. मोल्डर त्या साच्यावरून वाळूत ठसा घेतो, भट्टीवाला रस ओततो, फेटलर ओतकाम साफ करतो, आणि मग टर्नर ते लेथवर चढवतो. यांतील प्रत्येक जण आपल्या आधीच्या माणसावर विश्वास टाकून काम करत असतो. नग एकच, परंतु त्यामागे श्रमाची एक पंगत उभी असते. दुकानाच्या काचेत मांडलेल्या वस्तूमागची ही पंगत दिसत नाही. एकुटवाण्या नगामागची स्पष्ट दिसते.

नफ्याचा हिशेब

आता हिशेब पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, माप घेणे, ड्रॉइंग काढणे, साचा करणे आणि मशीनची मांडणी लावणे या तयारीला 6,000 रुपये लागतात आणि प्रत्येक चाकाच्या मालाला व कापणीला 400 रुपये. एकच चाक घडवले, तर ते 6,400 रुपयांना पडते. दहा घडवली, तर प्रत्येकी 1,000. हजार घडवली, तर प्रत्येकी 406. भांडवलाचा सारा ओढा हजारांकडे का असतो, ते या तीन आकड्यांत दिसते. एक नग मागणारा माणूस त्याच्या दाराशी आला, की तो त्याला त्रासदायक वाटतो.

मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची निंदा करण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. कोणत्याही गावी विकत घेतलेला बोल्ट कोणत्याही गावच्या नटात बसतो, ही प्रमाणीकरणाची देणगी आहे आणि तिने गरिबाच्या घरातही स्वस्त वस्तू आणल्या आहेत. आक्षेप निराळाच आहे. ज्या गरजा हजारांच्या गठ्ठ्यात बांधता येत नाहीत, त्या गरजाच नव्हेत असे ठरवण्याचा अधिकार नफ्याला कोणी दिला? अपंग मुलाची खुर्ची त्याच्या पाठीच्या वळणाप्रमाणेच घडवावी लागते. जुन्या विहिरीवरच्या पंपाचा इंपेलर त्याच पंपाचा लागतो. या गरजा एकेकट्या आहेत, पण त्यांची बेरीज केली तर ती प्रचंड भरेल.

तयारीचा खर्च पहिल्याच गिऱ्हाइकाच्या माथी मारावा, हाही काही निसर्गाचा नियम नाही. शाळेच्या इमारतीचा खर्च पहिल्या विद्यार्थ्याच्या फीमध्ये कोणी लावत नाही. रस्ता बांधला, म्हणून त्यावरून जाणाऱ्या पहिल्या बैलगाडीकडून सारी रक्कम कोणी वसूल करत नाही. कोणता खर्च समाजाने उचलावा आणि कोणता व्यक्तीवर टाकावा, हा निर्णय राजकीय असतो. तो यंत्रशास्त्राचा आहे असे भासवले जाते, इतकेच.

लुकासचे कामगार

हा निर्णय कामगारांनी स्वतःच्या हाती घेण्याचा एक संस्मरणीय प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. लुकास एरोस्पेस ही विमानांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तिच्या कामाचा मोठा वाटा लष्करी होता. सत्तरच्या दशकात कपातीचे संकट येताच तिच्या निरनिराळ्या कारखान्यांतील कामगार प्रतिनिधींनी एक संयुक्त समिती उभारली. 1974 साली ही समिती मजूर पक्षाचे उद्योगमंत्री टोनी बेन यांना भेटली, आणि त्यानंतर तिने एक वेगळीच वाट धरली. "आमच्या नोकऱ्या वाचवा" एवढीच मागणी न करता, "आमचे कौशल्य आणि ही यंत्रे समाजाच्या कोणत्या उपयोगी पडतील, ते आम्ही सांगतो" असे तिने म्हटले.

आरंभी समितीने विद्वानांना आणि संस्थांना पत्रे पाठवून सूचना मागवल्या. उत्तरे अगदी मोजकीच आली. मग तिने आपल्याच कारखान्यांतील कामगारांना विचारले, आणि तेथून कल्पनांचा ओघ सुरू झाला. जानेवारी 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पर्यायी योजनेत सुमारे 150 वस्तू होत्या. त्यांत मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी डायलिसिस यंत्रे होती, घरे उबदार ठेवणारे हीट पंप होते आणि रस्ता व रूळ या दोन्हींवर चालणारे वाहनही होते. पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगामुळे चालता न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी 'हॉबकार्ट' नावाची छोटी गाडी तयार केली होती. ही गाडी बाजाराने मागितलेली नव्हती. मुलांची गरज पाहून ती घडली होती.

कंपनीने योजना नाकारली. हॉबकार्ट आपल्या उत्पादनाच्या चौकटीत बसत नाही, अशी तिची भूमिका राहिली. या चळवळीचे एक नेते माइक कूली यांना 1981 साली कामावरून काढण्यात आले. त्याच वर्षी त्यांना 'राइट लाइव्हलिहुड' पुरस्कार मिळाला. पुढे बृहन्-लंडन परिषदेच्या मदतीने त्यांनी सामान्य नागरिकांना कल्पना घेऊन येता येईल आणि यंत्रांवर काम करता येईल अशी केंद्रे उभारण्यास हातभार लावला. 1986 साली थॅचर सरकारच्या काळात ती परिषदच मोडीत निघाली.

ही कहाणी पराभवाची आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु पराभव कोणत्या मुद्द्यावर झाला, हेही पाहिले पाहिजे. कामगारांना वस्तू घडवता येत नव्हती म्हणून योजना पडली नाही. काय घडवायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, म्हणून ती पडली. आपल्याकडील कामगार संघटनांनी वेतन, महागाई भत्ता आणि बोनस यांसाठी झुंजी दिल्या, आणि त्या दिल्याच पाहिजेत. मात्र यंत्रावरून काय बाहेर पडते हा प्रश्न बहुधा व्यवस्थापनाच्या मेजावरच राहिला. 1982 च्या मुंबईतील गिरणी संपानंतर गिरण्यांच्या जमिनीचे काय, याची चर्चा वर्षानुवर्षे झाली. गिरण्यांच्या वर्कशॉपांतील फिटर, टर्नर आणि सुतार यांच्या हातांतील कौशल्याचे काय, हे फारसे कोणी विचारले नाही.

जयपूरचा पाय

याच विचाराचे एक यशस्वी उदाहरण भारतातच आहे. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1968 च्या सुमारास रबरी कृत्रिम पाऊल विकसित केले. परदेशी धर्तीचा पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होता. भारतीय शेतकऱ्याला अनवाणी चिखलात उतरायचे असते, उकिडवे बसायचे असते, मांडी घालून जेवायचे असते. डॉक्टरला शरीररचना ठाऊक होती. कारागिराला साचा, रबर आणि हत्यार ठाऊक होते. दोघांपैकी एकट्याला ते पाऊल साधले नसते. त्याचे पेटंट घेतले गेले नाही, म्हणून ते देशोदेशीच्या गरिबांपर्यंत पोहोचू शकले. पाऊल ठरावीक मापांत बनते, परंतु वरची खोबण प्रत्येक माणसाच्या मांडीच्या किंवा पोटरीच्या मापानेच घडवावी लागते. म्हणजे जो नग 'परवडत नाही' असे बाजार सांगतो, तोच सेवाभावी व्यवस्थेत लाखोंना मिळू शकतो.

या जोडीचे महत्त्व आपल्या समाजात विशेष आहे. ड्रॉइंग काढणारा हात आणि कानस चालवणारा हात यांच्यातली दरी इथे केवळ शिक्षणाची नाही. सुतार, लोहार, ओतारी यांचे ज्ञान शतकानुशतके खालच्या पायरीवर बसवले गेले. श्रमाच्या विभागणीच्या नावाखाली माणसांचीच कशी वाटणी होते, हे डॉ. आंबेडकरांनी 1936 साली परखडपणे मांडले होते. आजही कचेरीतून येणाऱ्या ड्रॉइंगवर, जो भाग कशालाही टेकत नाही त्यालाही केसाच्या तिसऱ्या हिश्श्याची अचूकता लिहिलेली आढळते. त्यामुळे नगाची किंमत दुपटीने वाढते. लेथवरच्या माणसाला ते दिसत असते. त्याला विचारण्याची पद्धत नाही आणि आपण होऊन सांगण्याची सोय नाही.

जोखीम कोणाच्या माथी?

पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी हे सुटे नग ज्या छोट्या वर्कशॉपांत घडतात, तेथील स्थितीही पाहिली पाहिजे. मोठी कंपनी ड्रॉइंग देते, बऱ्याचदा मालही देते, आणि दर स्वतःच ठरवते. नग नापास झाला की डेबिट नोट येते. कधी माल सदोष असतो, कधी ड्रॉइंगच बदललेले असते. भुर्दंड बहुधा छोट्याला पडतो. पैसे महिनोन्महिने लटकतात. छोटा मालक तोच ताण आपल्या कामगारावर ढकलतो. मग जादा तास होतात, प्रेसवरचे संरक्षक कवच वेग वाढावा म्हणून काढून ठेवले जाते, आणि एखाद्या दिवशी एखाद्या तरुणाची बोटे जातात. स्वस्त नगाच्या किमतीत ही बोटे कुठेही मांडलेली नसतात.

कायदा अगदीच मुका नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत दिले पाहिजेत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. परंतु तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद होईल, ही भीती कायद्यापेक्षा बलवान ठरते. एकटा माणूस हा हक्क वापरू शकत नाही. संघटित झाला, तरच तो वापरू शकतो.

नवी यंत्रे, जुनी मालकी

संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांनी आणि थ्रीडी प्रिंटरने तयारीचा खर्च आता पुष्कळ कमी केला आहे. लाकडी साच्याऐवजी छापील साचा काही तासांत तयार होतो. एका नगाचे उत्पादन पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. शिरूर तालुक्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 पासून ग्रामीण मुले अशा साधनांवर हात चालवत आहेत, ही आशादायक गोष्ट आहे. 1952 साली पचमढीच्या अधिवेशनात डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा विचार मांडला, तेव्हा अनेकांनी तो भाबडेपणा मानला. आज तंत्रज्ञानच त्या विचाराला अनुकूल होत आहे.

परंतु यंत्र लहान झाले, म्हणून मालकी आपोआप लोकांची होत नाही. ड्रॉइंग संगणकावरून घेऊन शेकडो वर्कशॉपांना एकमेकांविरुद्ध दर पाडायला लावणारे नवे मध्यस्थही उभे राहिले आहेत. साधन कोणाच्या हाती आणि निर्णय कोणाचा, हा जुना प्रश्न नव्या यंत्रासमोरही उभाच आहे.

कार्यकर्त्यांचे काम

या विवेचनातून काही ठोस कामे निघतात.

पहिले काम सार्वजनिक वर्कशॉपचे. जवळपास प्रत्येक तालुक्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तिथे लेथ आहे, मिलिंग आहे, वेल्डिंग आहे, आणि शिकणारी मुले सरावासाठी धातू कापून तो भंगारात टाकत असतात. त्याच सरावात शेतकऱ्याच्या पंपाचा नग का घडू नये? आठवड्यातील एक दिवस नागरिकांच्या कामासाठी राखून ठेवावा, माल गरजूने आणावा आणि तयारीचा खर्च शासनाने सोसावा. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळांतील अनुभवी कामगारांना निवृत्तीनंतर तेथे शिक्षक म्हणून सन्मानाने बोलवावे.

दुसरे काम दुरुस्तीच्या हक्काचे. केंद्र सरकारने 2022 साली या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी एक संकेतस्थळही सुरू केले. संकेतस्थळाने भागणार नाही. शेतीची अवजारे आणि पंप बनवणाऱ्याने सुट्या भागांची मापे जाहीर केलीच पाहिजेत, असा बंधनकारक नियम मागितला पाहिजे. पेटंटची मुदत 20 वर्षांची असते. केवळ यांत्रिक उपयोगाच्या घडणीला डिझाइन कायद्याचे संरक्षण नसते. जुन्या यंत्राचा नग घडवताना मिस्त्रीला जी धास्ती वाटते ती पुष्कळदा अनाठायी असते, हे त्याला समजावून सांगितले पाहिजे.

तिसरे काम छोट्या वर्कशॉपवाल्यांच्या आणि त्यांच्या कामगारांच्या संघटनेचे. ऑर्डर लेखी हवी, ड्रॉइंगवर सुधारणेचा क्रमांक व तारीख हवी, पहिला नमुना दोघांनी सही करून मान्य केलेला हवा आणि माल कोणाचा हे चलनावर नमूद हवे. या चार साध्या गोष्टी पाळल्या गेल्या, तर नापासाच्या नावाखाली होणारी बरीचशी लूट थांबेल. प्रेसवरचे कवच काढले, तर काम बंद, हा पाचवा नियम कामगारांनी स्वतः घालून घ्यावा, आणि संघटनेने त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

चौथे काम मनोवृत्तीचे आहे आणि तेच सर्वांत कठीण आहे. कारखान्याच्या दारसभेत वेतनवाढीबरोबर एक प्रश्न विचारला जावा: या यंत्रांवर आणखी काय घडू शकेल, आणि ते कोणाला हवे आहे? लुकासच्या कामगारांनी तो विचारला, तेव्हा 150 उत्तरे आली. पिंपरीत, इचलकरंजीत, अंबडमध्ये तो विचारला गेला, तर किती येतील, हे पाहण्याची जबाबदारी कार्यकर्त्यांची आहे.

साथींनो, कोकणातल्या त्या गिरणीत पोती अद्याप पडवीतच आहेत. चाकाचे तुकडे गोणपाटात बांधून गिरणीवाला एसटीच्या थांब्यावर उभा आहे आणि कोणत्या गावी जावे, हे त्याला माहीत नाही. त्याला बसायला जागा, मापे घ्यायला मिस्त्री आणि काम करायला एक लेथ जवळच्या गावी मिळावी, इतकी ही मागणी लहान आहे. परंतु ती पुरी करायची, तर उत्पादनाचा हिशेब नफ्याच्या वहीतून काढून गरजेच्या वहीत मांडावा लागतो. तेवढी ती मोठीही आहे.